अकरा एक, एकोणीस एक

वसईहून फोन आला तेव्हा मी भिजवलेले वाल सोलत बसले होते. ट्रंक कॉलवर नेहमीसारखी घरघर होती आणि पलीकडून इनासभाऊंची मुलगी जसिंता तेच पुन्हा पुन्हा सांगत होती, ‘‘आंटी, पप्पा गेले. परवा सकाळी. झोपेतच गेले.’’ शेवटी जेवण जात होतं का, डॉक्टर कोण होते, असलं काहीतरी मी विचारलं... अशा वेळी माणूस जे विचारतो ते सगळं निरुपयोगीच असतं. मग लाइन तुटली. मी परत येऊन वाल सोलायला लागले. वाटीभर सोलून झाल्यावर लक्षात आलं की मी सालं वाटीत ठेवते आहे आणि डाळिंब्या कचऱ्यात टाकते आहे. इनास घोन्साल्वीस या माणसाची मला एक माफी मागायची होती. समोर भेटत होते तेव्हा जीभ रेटली नाही, ते वसईला परत गेल्यावर पत्रात लिहायला हात धजावला नाही, आणि आता मागायची म्हटली तर ऐकायला माणूसच नव्हता. या गोष्टीला पाच आठवडे झाले. तेव्हापासून मनात घोळतंय ते लिहून काढते आहे.

आम्ही बहारीनला आलो पंचाहत्तर साली. माझा नवरा अविनाश समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर इंजिनिअर. घर सनाबिसला, खजुरांच्या बागांच्या कडेला. माझ्याजवळ पुण्याची गणितातली एम.एस्सी., तीही पहिल्या वर्गातली, आणि पासपोर्टवर फॅमिली व्हिसाचा शिक्का. म्हणजे घरात बसायचं, एसीची घरघर ऐकायची आणि नवऱ्याची शिफ्ट सुटायची वाट बघायची. पहिल्या वर्षी मी भिंतींशी बोलायचीच काय ती बाकी होते. इनासभाऊ मीना सलमान बंदरावर टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणारी पोती, खोकी, लाकडं मोजायची आणि कागदावर चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, अशा खुणा करत जायचं, हे त्यांचं काम. प्लांटचं एक खोकं बंदरावर हरवलं होतं ते त्यांनी दोन दिवसांत शोधून दिलं. ‘‘वसईचा माणूस आहे, मराठी बोलतो,’’ म्हणून अविनाश त्यांना जेवायलाच घेऊन आला. पन्नाशी गाठलेले, उंच, उन्हाने रापलेले, शर्ट मात्र कडक इस्त्रीचा. बायको लवकर गेलेली, जसिंता वसईला आत्याकडे. पुढे दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्च आटोपलं की बस पकडून ते आमच्याकडे यायचे. हातात पेपरात गुंडाळलेले गरम खुबूस, म्हणजे इथल्या अरबी रोट्या, असायचे. आमचं वरणभात-भाजीचं जेवण ते मनापासून जेवायचे आणि मग जेवणाच्याच टेबलावर आपली लांबलचक वही उघडून बसायचे.

पहिल्यांदा मला वाटलं, बंदराचं काही काम घरी आणलंय. मी खांद्यावरून डोकावले तर पानभर भागाकार. प्रत्येक भागाकारात वर एकच संख्या, नुसते एक, एकापुढे एक असे अकरा. मी विचारलं, हे काय? त्यांनी ती संख्या वाचून दाखवली आणि मोठ्याने वाचताना त्यांचा चेहरा खुलला. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. उलटी वाचा, सुलटी वाचा, तीच. दिवसभर कागदावर उभ्या रेघा ओढणाऱ्या माणसाला नुसत्या एकांच्या संख्येचा नाद लागावा यात नवल नाही. मॅट्रिकनंतर वडील वारले म्हणून शाळा सुटलेली, पण सुटलं नव्हतं ते गणित. दोन एक म्हणजे अकरा, ती मूळ संख्या, कशानेच भाग जात नाही. तीन एकांची सदतीस त्रिक एकशे अकरा, फुटली. पाच एकांची एक्केचाळीसने फुटते, सात एकांची दोनशे एकोणचाळीसने, हे सगळं त्यांनी स्वतःच करून पाहिलं होतं. चार, सहा, आठ, नऊ, दहा एकांच्या संख्या तर फुटणारच, त्यांचे सारखे तुकडे पडतात. राहिली अकरा एकांची. ती मूळ आहे की फुटते, हे त्यांना शोधायचं होतं, आणि कोणाला न विचारता शोधायचं होतं. पुस्तकात असेल की कुठेतरी, असं मी म्हणाले, तर ते म्हणाले, असेल, पण पुस्तकात बघायला मजा काय?

संख्यांना त्यांची स्वतःची नावं होती. स्वतः सहा सोडून सहाचे विभाजक एक, दोन, तीन, त्यांची बेरीज पुन्हा सहा, म्हणून सहा ही ‘पुरती’ संख्या. अठ्ठावीसही पुरती. बाराची बेरीज सोळा होते म्हणून बारा ‘उतू जाणारी’, आठची सातच भरते म्हणून ती ‘उणी’. आमच्या पुस्तकातले शब्द मी सांगितले तेव्हा त्यांनी आदराने ऐकून घेतले आणि पुढेही आपलेच वापरले. एकाहून मोठी, कशानेच न फुटणारी, ती ‘एकटी’. ते स्वतः बहारीनला मनामाच्या बाजारामागे एका खोलीत बारा वर्षं एकटे राहत होते, पण या नावात त्यांना काही दुःखाचं दिसत नसे. उलट एकट्या संख्यांचा त्यांना फार मान.

पद्धत अशी. लहानापासून सुरुवात करून प्रत्येक मूळ संख्येने अकरा एकांना भागायचं. शून्य उरलं तर फुटली, नाही तर पुढची. एक लाख पाच हजारांच्या थोडं पलीकडे गेलं की थांबायचं, कारण तिथे संख्येला स्वतःनेच गुणलं की अकरा एक ओलांडले जातात, तोपर्यंत कोणी सापडला नाही तर पुढे कोणी सापडत नाही. एवढ्या मूळ संख्या दहा हजारांच्या वर आहेत. त्यांची यादीही त्यांनीच चाळून चाळून दुसऱ्या एका वहीत तयार केली होती. म्हणजे दहा हजारांवर भागाकार, सगळे हाताने, दर शुक्रवारी तीस-पस्तीस. कॅल्क्युलेटर त्यावेळी बाजारात मिळायला लागले होते, पण त्यांच्यात आठच आकडे मावायचे. प्रत्येक भागाकाराखाली छोट्या अक्षरात नवाचा ताळा. आकड्यांची बेरीज करत एक आकडा उरवायचा, दोन्ही बाजू जुळवून बघायच्या, जुळला की बरोबरची खूण. हा ताळा त्यांना वडिलांनी शिकवलेला. बंदरावर नक्कल केलेला प्रत्येक आकडा ते असाच तपासत आणि ताळा जुळला की निर्धास्त होत. मी नुसती बघत असे. खरं सांगायचं तर मला थोडं हसूही यायचं. पण त्या शुक्रवारांची वाट मी त्यांच्याइतकीच बघायला लागले होते, हेही खरं.

ऐंशी साल संपता संपता एका शुक्रवारी त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, ‘‘खलास. एकटी आहे, वहिनी.’’ आमची ओळख होण्याआधीपासून धरून सहा वर्षं लागली होती. अविनाशला त्यांच्याहून जास्त आनंद झाला. त्याने दिवाळीच्या फराळाला पंधरा-वीस मराठी मंडळी बोलावली होती, तिथेच इनासभाऊंना शाल आणि नारळ द्यायचं ठरवून टाकलं. इनासभाऊंनी जसिंताला पत्र लिहिलं, वसईच्या शाळेत जाऊन सरांना सांग म्हणून. आणि मी काय केलं? मला एकाएकी आठवलं की अशा संख्येचा विभाजक कुठलाही असून चालत नाही, तो बावीसच्या पटीहून एकने मोठाच असावा लागतो. म्हणजे दहा हजारांतले नऊ हजार भागाकार करायचीच गरज नव्हती. हे मला इतक्या वर्षांत कधीच का आठवलं नाही? आठवलं असतं तर त्यांना सांगितलं असतं का? याचं उत्तर मी अजून स्वतःलाही नीट दिलेलं नाही. दुपारी घर रिकामं झालं की मी त्या निवडक संख्यांनी भागायला बसले. दोन-अडीचशे भागाकार झाले असतील. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासपाशी आले आणि खाली शून्य उरलं. मी पुन्हा केला. पुन्हा शून्य. पाच वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की आपण अजून कोणीतरी आहोत.

तो कागद मी शुक्रवारी इनासभाऊंना शांतपणे दाखवू शकले असते. फराळाला अजून आठ दिवस होते. पण आमची पुणेरी जीभ आणि त्यावर पहिला वर्ग! मी वाट बघितली. सगळे जमले, चकल्यांची ताटं फिरली, अविनाशने दोन शब्द बोलून शाल उचलली, आणि मी हसत हसत म्हणाले, थांबा, आधी हे बघा. कागद टेबलावर ठेवला. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास गुणिले पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. कोणीतरी म्हणालं, काय हो इनासभाऊ, सहा वर्षं पाण्यात! सगळे हसले. मीही हसले. इनासभाऊंनी खिशातून पेन काढलं, माझ्याच कागदाच्या कोऱ्या बाजूला उभ्याउभ्या भागाकार केला. ‘‘शून्य,’’ ते म्हणाले. ‘‘बरोबर आहे वहिनींचं.’’ अविनाशच्या हातातली शाल त्यांनी घडी करून खुर्चीवर ठेवली, एक करंजी खाल्ली आणि बस चुकेल म्हणून निघून गेले. त्या रात्री अविनाश न जेवताच झोपला. मला रागच आला त्याचा. खरं ते सांगितलं, यात माझं काय चुकलं, हे मी स्वतःला दोन दिवस समजावत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते आले, शिफ्ट बदलून, जुनी वही काखेत. पान उघडून समोर ठेवलं. त्या संख्येचा भागाकार तिथे होता, चार वर्षांपूर्वीचा. मध्ये एका पायरीला ८४४३ यायला हवे होते, ते त्यांनी ८४३४ लिहिले होते. शेवटचे दोन आकडे उलटे पडले आणि शून्याच्या जागी २०७४९ बाकी राहिली. खाली नवाचा ताळा होता आणि तो जुळला होता. बरोबरची खूणही होती. ‘‘हा कसा जुळला?’’ त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं की आकडे उलटे झाले तर बेरीज बदलत नाही, फरक नेहमी नऊच्याच पटीत पडतो, म्हणून ही चूक नवाच्या ताळ्याला कधीच दिसत नाही. इथे फरक नऊशेचा पडला होता. अकराचा ताळा केला असता, एकाआड एक आकडे मिळवत आणि वजा करत, तर एकच्या जागी तीन आले असते आणि चूक तिथल्या तिथे पकडली गेली असती. त्यांनी त्या बरोबरच्या खुणेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, ‘‘संख्या फुटली त्याचं काही नाही, वहिनी. कोणाकडून तरी फुटायचीच होती. पण ताळा जुळला होता हो. माझ्या बापाने शिकवलेला ताळा. जुळलेला ताळासुद्धा खोटा असू शकतो, हे मला पन्नास वर्षांत कोणी सांगितलं नाही.’’ त्यावेळी मला माफ करा म्हणायला हवं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. मी विचारलं, चहा टाकू का?

त्यानंतर पाच महिने ते आले नाहीत. शुक्रवार येत होते, खुबूस येत नव्हते. अविनाश दोनदा खोलीवर जाऊन आला. ठीक आहेत, काम आहे म्हणाले, एवढंच त्याने सांगितलं. मी मनात म्हणत होते, रागावले, आणि रागावणारच. त्या दिवसांत मी किती वाक्यं जुळवली आणि मोडली त्याला गणती नाही. ईस्टर झाल्यावर एका शुक्रवारी दारावर थाप पडली, तर ते उभे, हातात गरम पुडकं. जणू काही मधले महिने झालेच नाहीत. वही उघडली. दहा हजार भागाकारांच्या खाली, प्रत्येकाच्या खाली, लाल पेनाने अकराचा ताळा केलेला होता. आणखी तीन चुका सापडल्या होत्या, तिन्ही उलट्या आकड्यांच्या. ते भागाकार पुन्हा केले, शून्य कुठेच आलं नाही. ‘‘आता झोप लागेल,’’ म्हणाले. बंदरावर तेव्हा कंटेनर यायला लागले होते आणि त्यांच्यावरच्या नंबराच्या शेवटी चौकटीत एक जादा आकडा असतो. साहेब लोकांना विचारलं तर सगळ्यांचं उत्तर, मालूम नहीं. त्यांनी आठवडाभर तेच नंबर उतरवून घेतले आणि माझ्यासमोर ठेवले. आम्ही दोघांनी मिळून कोडं सोडवलं. बाकीच्या अक्षरांना आणि आकड्यांना जागेप्रमाणे गुणायचं, बेरजेला अकराने भागायचं, उरेल तो चौकटीतला आकडा. म्हणजे आकडे उलटे पडले की चौकट बोंब मारणार. किती खूश झाले होते ते त्या दिवशी! सगळ्या जगाला नवाचा खोटेपणा कळलाय, आपण एकटेच फसलो नव्हतो, म्हणून. त्या आनंदात माझी माफी पुन्हा मागे पडली, आणि खरं म्हणजे मीच ती मागे पडू दिली.

पंच्याऐंशीला ते कायमचे वसईला गेले. जाताना काही खास बोलणं झालं नाही. एअरपोर्टवर अविनाशला मिठी मारली, मला नमस्कार केला, ‘‘इंशाल्ला, वसईला या,’’ म्हणाले. दोन महिन्यांनी पत्र आलं. नवीन संख्या धरली आहे. तेरा एकांची तर त्रेपन्ननेच फुटली, सतरा एकांची फुटते असं जसिंताच्या कॉलेजच्या सरांनी सांगितलं, म्हणून आता एकोणीस एकांची. तुम्ही सांगितलेली बावीसच्या पटीची युक्ती वापरतो, इथे अडतीसच्या पटीहून एकने मोठ्या असतील त्यांनीच भागतो. पाय दुखतात, पण हात चालतो. त्याच वर्षी सुट्टीत पुण्याला मी लायब्ररीत एक जाड पुस्तक काढून बघितलं होतं. अकरा एकांचे विभाजक त्यात छापलेले होते, माझ्या जन्माच्याही आधीपासून ठाऊक असलेले, म्हणजे मी जे मिरवलं त्यात माझं काहीच नव्हतं. आणि त्याच पानावर लिहिलं होतं की एकोणीस एकांची संख्या मूळ आहे. ती कधीच फुटणार नाही. आणि त्यांच्या पद्धतीने ते ठरवायला दहा जन्मही पुरणार नाहीत. एकदा खरं बोलून काय केलं होतं ते आठवत होतं. या वेळी नाही बोलायचं, असं ठरवलं. उत्तरात एवढंच लिहिलं, चालू द्या इनासभाऊ, कुठपर्यंत आलं ते कळवत जा. ते कळवत राहिले. तीन वर्षं, दर दोन महिन्यांनी. माझ्या गप्प बसण्यालाच मी माफी समजत होते. ती त्यांच्यापर्यंत पोचणार नाही हे कळत होतं, आणि कधीकधी वाटायचं, मी त्यांना पुन्हा फसवते आहे, फक्त या वेळी प्रेमाने.

गेल्या आठवड्यात वसईची एक नर्स सुट्टीवरून परतली. तिच्याबरोबर जसिंताने एक पुडकं पाठवलं होतं. आत ती वही. पान पान भरलेलं, एकोणीस एक, खाली भागाकार, खाली अकराचा ताळा. अक्षर शेवटी शेवटी कापरं होत गेलेलं, पण एक आकडा गिचमिड नाही. मी शेवटापासून उलटत उलटत सुरुवातीला आले. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने चार ओळी होत्या. वर तारीख, माझं पहिलं उत्तर त्यांना मिळालं असेल त्या सुमाराची.

‘‘ही संख्या एकटी आहे, फुटणार नाही. जसिंताच्या सरांनी पुस्तकात दाखवलं. वहिनींना ठाऊक असणार, पण त्यांनी पत्रात लिहिलं नाही. दिवाळीचं त्यांच्या मनात राहिलं आहे. आपण रागावलो नव्हतो हे सांगायला गेलो तर त्यांना अवघड होईल. म्हणून भागाकार चालू ठेवायचे आणि कळवत राहायचं.’’

मी ते अविनाशला वाचून दाखवायला गेले आणि दुसऱ्याच ओळीला रडू फुटलं. उरलेलं त्याने माझ्या हातातून घेऊन वाचलं. मग त्याने वही परत टेबलावर, माझ्यासमोर ठेवली. शेवटच्या पानावरचा भागाकार अर्धाच राहिलेला आहे. काल शुक्रवार होता. जेवणाची भांडी आवरल्यावर मी तो पुढे केला. शून्य आलं नाही, येणारच नव्हतं. खाली अकराचा ताळा केला, तो जुळला, आणि पुढच्या ओळीवर पुढच्या शुक्रवारची संख्या लिहून ठेवली.